उलट्या डोंगरावर चार दिवस

पहिला दिवस : गाव ते चिखलदरा

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं आणि जमीन अशी सपाट की, दूरच्या धुऱ्यावरून कोण येतंय ते नुसत्या चालीवरून ओळखू यावं. चढ म्हणून काय तो गावातल्या पांढऱ्या मातीच्या गढीचा. पाऊस पडून हवा धुतली गेली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. शाळेत मुलांना भूगोल शिकवताना मी खिडकीतून त्या रेघेकडे बोट दाखवते. एवढाच आमचा डोंगराशी रोजचा संबंध.

यंदा बहिणीचा फोन आला. भाच्याच्या कॉलेजातली मुलं मे महिन्यात हिमालयात ट्रेकला चालली आहेत, चार हजार मीटरच्या वर. याने घरी न विचारता नाव दिलं आणि मग विचारलं. बहीण म्हणाली, "तू जाऊन आलीस ना तिकडं? मग आधी त्याला आपला डोंगर दाखव. पाय किती चालतात अन् डोकं किती चालते, दोन्ही पाह्य."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी, दादा, वहिनी, भाचा आणि शेजारचे काकाजी. काकाजींचं वय सत्तरीकडे झुकलंय, पण तरुणपणी बैलजोडी घ्यायला ते मेळघाटात पायी फिरलेले. भाच्याने नवे ट्रेकिंगचे बूट आणले होते आणि ते खोक्यातच ठेवून थेट चिखलदऱ्याला काढायचा त्याचा बेत होता. काकाजींनी आठ दिवस आधीच ते काढायला लावले. "वावरात घालून फिर लेका. जे चावाचं ते इथंच चावू दे." दोन फोड आले, बरे झाले, आणि बूट पायाचे झाले. नवा बूट डोंगरावर पहिल्यांदा घालू नये, हे एवढं साधं असूनही निम्मे लोक तिथेच चुकतात.

पिशव्या मी स्वतः तपासल्या. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, गूळ-फुटाणे, क्रेप बँडेज, बॅटरी, शिट्टी आणि प्रत्येकाला एक सुती दुपट्टा. दुपट्टा डोक्याला बांधता येतो, भिजवून मानेवर ठेवता येतो, हात मोडला तर झोळी करता येतो आणि आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकता येतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन नंबर : ११२ सगळ्या तातडीच्या मदतीला, १०८ रुग्णवाहिकेला, १९२६ वनखात्याच्या मदतीला. मोबाइलची बॅटरी संपली तरी वहीचं पान संपत नाही.

अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि मग घाट. परतवाड्याला एसटीच्या खिडकीतून येणारी हवा तापलेली होती, वर चढता चढता ती सैल झाली. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८ मीटर. म्हणजे पाचेक अंशांचा फरक, आणि तो कातडीला कळतो. घाटात पळस पेटलेला होता. सागाची पानं गळून गेल्यामुळे जंगल आरपार दिसत होतं.

दुपारी पोचलो. भीमाने कीचकाला मारून जिथे टाकलं ती कीचकदरा, तिचंच चिखलदरा झालं, ही कथा काकाजींनी रंगवून सांगितली. कॉफीची झाडं भाच्याला खोटी वाटली. विदर्भात कॉफी होते यावर त्याचा विश्वास बसेना. संध्याकाळी पंचबोल पॉइंटला गेलो. इथे हाक मारली की समोरच्या कड्यांवरून प्रतिध्वनी येतो, म्हणून प्रत्येक जण ओरडतो. पण हाकेने पोट भरलं नाही की काही पोरं दरीत दगड भिरकावू लागतात. समोरच्या कपारीला काळे पट्टे लोंबत होते. मी दुर्बिणीतून पाहिलं तर ती आग्या मोहोळं होती. शेजारच्या एका मुलाने दगड उचलला तसा काकाजींनी त्याचा हात धरला. "बाबू, ते जागं झालं तर तू कुठी पळशीन अन् आमी कुठी पळू?" मुलाने दगड खाली ठेवला.

मोहोळाचं मी सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे वाघापेक्षा त्याचीच गाठ जास्त पडते. पहिली माशी डसते तेव्हा तिच्या डंखाबरोबर एक वास सुटतो, आणि त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणून हात झाडत एका जागी उभं राहायचं नाही. तोंड झाकून सरळ लांब पळायचं. गाडी किंवा खोली असेल तर आत शिरून दार लावायचं. पाण्यात उडी मारायची नाही, माशा वर घिरट्या घालत वाट पाहतात. डंख कातडीत रुतून राहतो, तो नखाने लवकरात लवकर खरडून काढायचा. धाप लागली, अंगावर सूज किंवा चक्कर आली तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि अत्तर, सेंट घरी ठेवायचं.

रात्री पत्र्याच्या खोलीसमोर बसलो. उद्या गाविलगड. भाचा म्हणाला, "मावशी, किल्ला तर गावापेक्षा खाली आहे. मग यात ट्रेक कसला?" काकाजी म्हणाले, "हाच तर घात हाये बाप्पा. हा डोंगर उलटा हाये. इथं आधी उतरा लागते, मंग चढा लागते."

मी इतकी वर्षं मुलांना सातपुडा शिकवला, पण हे इतक्या सरळ शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं. सह्याद्रीत किंवा हिमालयात पायथ्यापासून चढायचं असतं. दमलात तर मागे वळा, उतार तुम्हाला घरी आणतो. चिखलदऱ्यात गाव, लॉज, गाडी, सगळं पठारावर. चालायला जायचं ते खाली : किल्ल्याकडे, कुंडाकडे, दरीकडे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, भरल्या बाटलीने उतरायचं, आणि माध्यान्हीच्या उन्हात, गळलेल्या पायांनी, रिकाम्या बाटलीने चढायचं. जिथे थकवा जाणवतो तिथून पुढचा सगळा रस्ता चढाचा असतो. म्हणून इथे परतायचं थकायच्या आधीच ठरवावं लागतं.

त्याच रात्री आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पाण्याचे तीन भाग : एक जायला, दोन यायला. आणि अकरा वाजता जिथे असू तिथून मागे.

हिमालयाचंही बोलणं निघालं. चिखलदऱ्याच्या उंचीवर उंचीचा आजार होत नाही, तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. भाच्याला मी पुन्हा पुन्हा सांगितलं : डोकं दुखायला लागलं, मळमळलं, जेवण नको वाटलं, तर ते लपवायचं नाही आणि त्याच अवस्थेत आणखी वर जायचं नाही. वाढलंच तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. पाय तरणे असले, छाती मजबूत असली म्हणून हा आजार सोडत नाही. उलट तरणी पोरं भरभर चढतात, म्हणून त्यांनाच आधी गाठतो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तिकडे खाली जाणं म्हणजे वाचणं, आणि इकडे वर येणं म्हणजे वाचणं."

मी त्याला ते वहीत लिहायला लावलं.

दुसरा दिवस : गाविलगड

सकाळी साडेसहाला निघालो. मच्छी तलावाच्या अंगाने वाट किल्ल्याकडे उतरते. मार्चमध्ये या वाटेची खरी अडचण सागाचं पान. वाळलेलं पान ताटाएवढं, पापडासारखं कडक, खाली बारीक मुरूम. पानावर टाच पडली की पान मुरमावरून घसरतं आणि माणूस पानाबरोबर जातो. वहिनी पहिल्या दहा मिनिटांतच बसली. हाताला खरचटलं, बाकी काही नाही. मग काकाजींनी उतरायचं शिकवलं : गुडघा थोडा वाकलेला, अख्खा तळवा टेकवायचा, पाऊल जरा आडवं, आणि काठी आपल्या पुढे, मागे नाही. काठीने आधी पान बाजूला सारायचं, मग पाय. यात वेळ जातो. जाऊ द्यावा.

गाविलगड म्हणजे गवळ्यांचा गड. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात तो बांधून काढला, पुढे १४८८ च्या सुमारास इमादशाहीच्या फत्तेउल्लाने डागडुजी केली. दिल्ली दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलाय, दोन डोक्यांचा पक्षी, हत्तींना धरून उभा. भाचा त्याच्या खाली उभा राहून मान दुखेपर्यंत पाहत होता. मलाही ते शिल्प पाहिलं की एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाहीचा ताठा डोळ्यांपुढे येतो.

किल्ल्यात शिरल्यावर मी त्यांना १८०३ ची गोष्ट सांगितली, कारण ती जागेवरच कळते. सप्टेंबरमध्ये इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला आमच्याच वऱ्हाडातल्या आडगावची लढाई झाली, आणि नागपूरकर भोसल्यांचं उरलेलं सैन्य या किल्ल्यात आलं. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला दक्षिणेच्या मैदानातून हा किल्ला समोर दिसत होता. पण दक्षिणेला तासलेला कडा. त्याने आपल्या जोडीच्या कर्नल स्टीव्हन्सनला वळसा घालून उत्तरेकडून पाठवलं. डोंगरातून तोफा ओढत, स्वतःच वाट तोडत ते सैन्य लबाडा गावाच्या बाजूला आलं, जिथे पठाराची अरुंद मान किल्ल्याला जोडलेली आहे. १२ डिसेंबरच्या रात्री तोफा मांडल्या, १५ ला हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह, आणि महिनाअखेर शिंद्यांशी तह झाला तो काल आमची एसटी ज्या अंजनगावातून आली तिथेच. ज्या माणसाने पुढे नेपोलियनला हरवलं त्याने हा डोंगर समोरून चढायचा हट्ट धरला नाही. भाच्याला मी हेच दाखवलं, की डोंगर बघून वाट ठरवायची, आपल्या घाईवरून नाही.

आतलं गवत वाळून पिवळं, कमरेएवढं. त्याच्या खाली पडक्या भिंतींचे दगड, टाक्यांच्या कडा, खड्डे. तटावरचे दगड वरून धड दिसतात आणि पाय ठेवला की डुलतात. कड्याच्या बाजूच्या तटापासून एका माणसाच्या लांबीएवढं अंतर ठेवायचं, फोटो काढताना मागे सरकायचं नाही, हा आमचा नियम भाच्याने पाळला. एका कोनाड्याशी तो हात टेकून वर चढणार होता, काकाजींनी आधी तिथे काठी आपटली. घोणसही अशाच जागी गारव्याला बसते. साप चावलाच तर चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. पाय न हलवता माणसाला उचलून लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं, ग्रामीण रुग्णालयात ती असते.

दक्षिणेच्या तटावरून वऱ्हाडचं मैदान धुक्यासारख्या धुळीत पसरलेलं. आम्ही आमचं गाव शोधलं. दिसलं नाही, पण दादाने बोट दाखवलं त्या दिशेला सगळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं तिथून ही रेघ बघितली, आज रेघेवरून तिकडे पाहत होतो.

अकरा वाजले तेव्हा आम्ही तलावाच्या पलीकडे होतो. दादाला वरची मशीद पाहायची होती, तोफ पाहायची होती. "आता एवढं आलोच आहोत तर," तो म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अकराची वेळ मी ठरवली होती आणि ती मीच मोडली. मशीद पाहिली. तिच्या कमानी सुंदर आहेत. परत वळलो तेव्हा साडेबारा व्हायला आले होते.

चढाला लागून वीस मिनिटं झाली आणि वहिनी बोलायची थांबली. वहिनी एरवी बोलत चालते. मी मागे वळून पाहिलं. चेहरा पांढुरका, कपाळावर गार घाम, आणि भर उन्हात दंडावर काटा उभा राहिलेला. तो काटा मी अजून विसरले नाही, एकेक केस ताठ. "डोकं ठणकते," ती म्हणाली, आणि खालीच बसली.

दरवाज्याच्या सावलीत तिला आडवं केलं, पाय पिशवीवर उंच ठेवले, मानेशी आणि काखेत भिजलेले दुपट्टे. एका लिटरमध्ये एक अख्खं पाकीट, हे प्रमाण मोडायचं नाही, म्हणून बाटली पूर्ण भरून ओआरएस केलं आणि घोट घोट पाजलं. पाकीट नसतं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चाललं असतं. तिच्याशी बोलत राहिले. नाव, गाव, मुलं कितवीत आहेत. उत्तरं बरोबर येत होती. ती भलतंच बोलू लागली असती, किंवा अंग तापून ग्लानी आली असती, तर तो उष्माघात. मग थांबणं नाही, अंगावर पाणी ओतत १०८ बोलावायची. भाच्याला रेंज शोधायला वरच्या बुरजाकडे पाठवलं, काकाजींसोबत. एकट्याला नाही. रेंज मिळाली. फोन करावा लागला नाही.

पाऊण तासाने तिचा रंग परतला. मग मी तिची पिशवी उघडली. दुसरी बाटली भरलेलीच होती, पहिली निम्मी.

"वहिनी, पाणी कावून नाही पिलं?"

ती दादाकडे पाहून मग माझ्या कानाशी म्हणाली, "प्यालं तर जावं कुठी? किल्ल्यात आडोसा नाही, सगळी माणसंच माणसं."

मी इतकी तयारी केली होती. नंबर, बँडेज, शिट्टी. आणि हे माझ्या यादीत नव्हतं, मी स्वतः बाई असून. सहलीला, शेतावर, एसटीच्या लांब प्रवासात आपल्या बायका असंच पाणी तोडतात आणि कोणाला सांगत नाहीत. पुरुषांनी बनवलेल्या याद्यांत हा मुद्दा येत नाही, आणि बायकांना तो बोलायची लाज वाटते. डोंगरावर त्या लाजेपायी जीव जाऊ शकतो. त्या क्षणी ठरवलं : दर तासाला थांबायचं, पुरुषांनी पुढे जाऊन पाठ करून उभं राहायचं, एकीने दुपट्टा धरायचा. यात विचारायचं काही नाही, वेळ झाली की थांबायचं.

साडेतीनपर्यंत सावलीतच बसून राहिलो. मग शंभर पावलं चालणं, दोन मिनिटं थांबणं, असं करत पठारावर आलो तेव्हा पाच वाजत आले होते. गावात सगळीकडे खवा आणि रबडीच्या पाट्या. चिखलदऱ्याची रबडी सोडू नये म्हणतात, आम्ही त्या दिवशी सोडली. वहिनीने कढी-भात खाल्ला आणि आठ वाजता झोपली. दादा रात्री माझ्याजवळ येऊन बसला, म्हणाला, "मी हट्ट करायला नको होता." मी म्हणाले, "तू हट्ट करणारच. मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

तिसरा दिवस : सेमाडोह

वहिनी सकाळी ताजीतवानी. तरी आज मोठं चालणं नाही. भाड्याची गाडी करून सेमाडोहकडे उतरलो. वाटेत दोनदा दोरी आडवी आली. इथल्या कोरकू आदिवासींचा फगवा होळीनंतर कितीतरी दिवस चालतो. पोरं-बाया रस्त्यावर दोरी धरून गाडी अडवतात, ढोलकी वाजवत गाणं म्हणतात, फगव्याचे पैसे दिल्यावर दोरी खाली. दुसऱ्या दोरीशी एका चिमुरडीने भाच्याच्या कपाळाला गुलाल लावला, तो त्याने रात्रीपर्यंत पुसला नाही.

मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आलं. गाभ्याच्या जंगलात मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परवानगीच्या वाटेवर, सोबत स्थानिक वाटाड्या घेऊन, सकाळी दोन तास चाललो. आमचा वाटाड्या कोरकू, पन्नाशीचा, कमी बोलणारा. सिपना नदी दाखवून म्हणाला, आमच्या भाषेत सिपना म्हणजे साग. कोरकू ही मराठी-हिंदीच्या घरातली भाषा नव्हे, तिचं गोत्र मुंडा भाषांचं, संथाळी, मुंडारी यांच्याशी जुळणारं. आपल्या तालुक्यापासून इतक्या जवळ एवढी वेगळी भाषा राहते आणि आपल्याला तिचे दहा शब्द येत नाहीत, याची मला खंत वाटली. मी त्याच्याकडून सहा लिहून घेतले.

मोहाखाली फुलं पडू लागली होती. बोटांत धरलं तर फूल रसाने भरलेलं, फिकट पिवळं, लहान बोराएवढं, चिकट, आणि वास असा की हात धुतल्यावरही जात नाही. फुलं पहाटे गळतात. वेचायला बायका पहाटे येतात आणि अस्वलही पहाटेच येतं. वाटाड्या म्हणाला, वाघ माणसाची चाहूल लागली की सरकतो. अस्वलाचं तसं नाही. त्याला नीट दिसत नाही, ऐकू कमी येतं, खाण्यात गुंग असतं, आणि माणूस एकदम अंगाशी आला की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून मोहाच्या दिवसांत अंधारात, एकट्याने, गुपचूप चालायचं नाही. बोलत जायचं, काठी वाजवत जायचं. दिसलंच तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं, त्याला वाट मोकळी करून द्यायची. पिल्लू दिसलं तर आई जवळच आहे असं धरून चालायचं.

दुपारी आभाळ भरून आलं. मार्चमधलं अवकाळी विदर्भाला नवं नाही. कोणाचा हरभरा शेतात पडलाय याच काळजीने आपण त्याकडे बघतो. डोंगरात त्याची भीती वेगळी. वीज चमकल्यावर भाच्याने मोजायला सुरुवात केली. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि उघड्यावर थांबायची वेळ गेलेली आहे. अठरावर आवाज आला. आम्ही पक्क्या इमारतीत शिरलो. समोरच्या एकट्या झाडाखाली दोन मोटारसायकलवाले उभे होते, काकाजींनी त्यांना हाका मारून आत आणलं. बोराएवढ्या गारा पडल्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही बाहेर जाऊ दिलं नाही. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलवर होतं, पण रेंजच नव्हती. मोजणं मात्र रेंजशिवाय जमतं.

संध्याकाळी परतवाड्यावरून अकोटला, दादाच्या साळ्याकडे मुक्काम.

चौथा दिवस : नरनाळा

आज डोंगर सरळ होता. पायथा शहानूर, किल्ला वर. सकाळी वनखात्याच्या नाक्यावर नावं लिहून, शुल्क भरून निघालो. आज पुढारी भाचा, असं मी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं. त्याने परतीची वेळ साडेदहा ठरवली आणि ती नाक्यावरच्या माणसालाही सांगितली. "साडेबारापर्यंत आम्ही खाली आलो नाही तर चौकशी करा." मी हे त्याला शिकवलं नव्हतं.

वर गाडीरस्ता आहे, आम्ही पायवाट धरली. दर तासाला थांबणं झालं. पहिल्या थांब्याला दादा आणि भाचा न सांगता पुढच्या वळणापलीकडे गेले. काकाजी त्यांच्या मागे.

चढ अंगावर येतो, पण मनावर ओझं नव्हतं. वळून बघितलं की खाली शहानूर दिसतं, आणि पाय थकले तर तिकडे उतारच आहे. तोच थकवा, पण गाविलगडची दुपार आठवली की फरक कळत होता.

महाकाली दरवाजा पाहून वहिनी म्हणाली, "एवढं कोरायला किती पोटं भरली असतील?" पंधराव्या शतकाच्या शेवटचं, १४८७ चं हे काम. कमानीवरच्या ओळी, वेलबुट्टी, दोन्ही अंगांचे सज्जे, कमळं. आम्ही तिथे अर्धा तास बसलो, त्याच्या सावलीत पाठ टेकून. नरनाळा हा एक किल्ला नाही, मधला नरनाळा आणि दोन बाजूंना जाफराबाद आणि तेल्यागड असे तीन मिळून आहे. एका सकाळीत सगळा होत नाही, हे मान्य करूनच आलो होतो.

पुढे पठारावर तलाव, पडके महाल, उन्हात पांढरं पडलेलं गवत. नऊगजी तोफ अजून पुढे होती. भाच्याला तीच बघायची होती, गावाहून निघाल्यापासून तो तिचं नाव घेत होता. समोरून एक कुटुंब येत होतं. "दहा मिनिटांवर आहे, जा ना," त्यातले गृहस्थ म्हणाले.

भाच्याने घड्याळ पाहिलं. दहा अठ्ठावीस. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी तलावाकडे पाहत राहिले. दादा काही बोलला नाही.

"मामी, पाणी किती राहिलं?"

वहिनीने बाटली वर धरली.

"आबाजी, तुमचं?"

काकाजींनीही दाखवली.

"मग बसा दोन मिनिटं, गूळ खा. इथून मागे वळू." आणि तो स्वतः तोफेकडे पाठ करून बसला.

पावणेबाराला आम्ही नाक्यावर होतो. वहीत नावांसमोर परतीची वेळ लिहिली. काकाजींनी पिशवीतून सगळ्यांच्या बाटल्या काढून ओट्यावर ओळीने मांडल्या. दादाची पाव, माझी अर्धी, भाच्याची अर्ध्याहून जास्त. वहिनीच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या, उलट्या धरल्या तरी थेंब नाही. काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. ती दुपट्ट्याने तोंड पुसत नाक्यावरच्या बाईंकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताई, बायकांचं संडास कुठी हाये?"